कारखान्याचा ठेका : हेवी मेटल संगीताचा एक अभ्यास

प्रास्ताविक

हेवी मेटल या संगीतप्रकाराविषयी आपल्याकडे साधारणतः दोन मते ऐकू येतात. वडीलधाऱ्यांचे मत असे की, हा निव्वळ गोंगाट आहे. विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांचे मत असे की, ही शहरातल्या सुखवस्तू मुलांची परदेशी हौस आहे. आपल्यासारख्यांचा तिच्याशी काय संबंध? मीही बरीच वर्षे दुसऱ्या मताचा होतो. माझे थोरले बंधू चाकणच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करतात आणि मोकळ्या वेळात गिटार वाजवतात. चौघा मित्रांचा त्यांचा एक बँड होता. निगडीला तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या एका खोलीत ते सराव करीत. पाच गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढायची आणि ती घेऊन जमेल त्या गावी वाजवत जायचे, असा त्यांचा बेत होता. ही हौस दादाला परवडणारी नाही, असे मला वाटे आणि मी ते बोलूनही दाखवीत असे.

तीन वर्षांपूर्वी रात्रपाळीत दादाच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक प्रेसमध्ये गेले. उजव्या हाताने तार छेडणाऱ्या माणसाचा डावा हात तारा दाबण्याचे काम करतो. म्हणजे गेले ते नेमके वाजवण्याचे बोट. ध्वनिमुद्रिकेचा बेत तिथेच थांबला. त्यानंतर या संगीताचा इतिहास मी प्रथमच नीट वाचला, तेव्हा मला आढळले की या संगीताचा आरंभच मुळी अशा एका बोटापासून झालेला आहे. त्या वाचनातून जे हाती आले ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

बर्मिंगहॅम : पत्र्याचा कारखाना

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे धातुकामाचे जुने शहर. मोटारी, त्यांचे सुटे भाग, पत्र्याच्या वस्तू, ओतकाम हा तिथला रोजचा व्यवहार. आपल्याकडे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे आकुर्डी, भोसरी, चिंचवड ते चाकण असा मोटारींचा पट्टा वाढत गेला. त्या शहराचे वर्णन वाचताना भोसरीचा माणूस सहज म्हणेल की, हे तर आपलेच गाव.

त्या शहरातल्या ॲस्टन या कामगारवस्तीत टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करीत होता. वय १७. गिटारवादक म्हणून त्याला युरोपच्या दौऱ्याचे काम मिळाले होते, म्हणून त्याने नोकरी सोडली. कामाचा शेवटचा दिवस होता. पत्रा वाकवणाऱ्या यंत्रावरचा कामगार त्या दिवशी आला नाही, म्हणून सवय नसताना आयोमीला त्या यंत्रावर बसवले. यंत्र खाली आले, त्याने हात झटक्याने मागे ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे व अनामिकेचे टोक गेले. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबण्याचा त्याचा हात उजवा.

तो घरी निराश होऊन बसला असता कारखान्याच्या फोरमनने त्याला एक तबकडी आणून दिली. ती जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची होती. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने आपली सारी कीर्ती मिळवली होती. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांच्या टोप्या केल्या, त्यांवर कातडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावून पाहिल्या.

१९६८ साली आयोमी, गायक ऑझी ऑस्बर्न, बास वाजवणारा गीझर बटलर आणि ड्रमवादक बिल वॉर्ड असे ॲस्टनचे चौघे एकत्र आले. या बँडचे नाव पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ झाले. ऑस्बर्नने खाटिकखान्यात काम केले होते आणि मोटारींचे हॉर्न तपासून जुळवण्याचेही काम केले होते. सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या पट्ट्यातल्या वाचकाला हे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हे चौघे अखेरचे एकत्र वाजले ते ५ जुलै २०२५ रोजी, ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर. त्यानंतर १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑस्बर्नचे निधन झाले.

नादाचे शास्त्र

हे संगीत ‘जड’ का वाटते, याला शास्त्रीय कारणे आहेत. ती तीन मुद्द्यांत सांगता येतील.

पहिला मुद्दा तारेचा. तारेची लांबी व जाडी तीच ठेवली, तर तिचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तार तीन अर्धस्वर खाली उतरवली की कंपनसंख्या मूळच्या सुमारे ८४ टक्के राहते आणि ताण सुमारे ७१ टक्के उरतो. म्हणजे ताण सुमारे २९ टक्क्यांनी कमी होतो. ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेत आयोमीने काही गाण्यांसाठी तारा नेमक्या तीन अर्धस्वर उतरवल्या. सैल तार दुखऱ्या बोटाला सोसते, हा त्यातला एक हेतू. परंतु तार उतरली की स्वरही उतरतो आणि खर्जाचा घुमारा येतो. पुढच्या अनेक मेटल बँडनी हा घुमारा हौसेने उचलला. मुळात ती गरज होती.

दुसरा मुद्दा स्वरसंवादाचा. पाश्चात्त्य संगीतात तीन किंवा अधिक स्वर एकत्र वाजवून स्वरमेळ करतात. मेटलमध्ये बहुधा दोनच स्वर असतात, षड्ज आणि पंचम. यांच्या कंपनसंख्यांचे प्रमाण २ : ३. आपला तानपुराही याच संवादावर उभा आहे. गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरच्या क्षमतेबाहेर वाढवला की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात, आणि मुळात नसलेले स्वर त्यात निर्माण होतात. ११० आणि १६५ कंपनांचे दोन स्वर असे वाजवले, तर त्यांच्या वजाबाकीचा ५५ कंपनांचा स्वरही ऐकू येतो. तो मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा असतो. कोणीही तो वाजवलेला नसतो. त्यात गंधारही मिसळला तर अशा अनेक वजाबाक्या एकमेकींत अडकून आवाज गढूळ होतो. म्हणून मेटलचा वादक गंधार वगळतो. ज्याची दोन बोटे दुखरी आहेत त्यालाही हीच दोन स्वरांची पकड सोपी जाते.

तिसरा मुद्दा भीतीच्या भावाचा. ब्लॅक सॅबथचे ज्या गाण्याने नाव झाले, त्यात षड्जानंतर तीव्र मध्यम ठासून येतो. या अंतराला युरोपात जुन्या काळी सैतानाचे नाव चिकटले होते. आपल्याकडे तोच तीव्र मध्यम यमनात किती प्रसन्न वाटतो! तेव्हा भीती स्वरात नसते. तो कसा आणि कशाच्या शेजारी ठेवला यात असते.

एका दिवसाची ध्वनिमुद्रिका

ब्लॅक सॅबथची पहिली ध्वनिमुद्रिका १६ ऑक्टोबर १९६९ रोजी लंडनमध्ये एकाच दिवसात मुद्रित झाली. चार मार्गिकांचे यंत्र होते. १३ फेब्रुवारी १९७० रोजी ती बाजारात आली आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

एका दिवसात हे कसे साधले? उत्तर दौऱ्यात आहे. तत्पूर्वी हा बँड जर्मनीतील हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमध्ये मुक्काम ठोकून रोज अनेक खेळ वाजवीत असे. गाणी श्रोत्यांपुढे घासून पक्की झाली होती. मुद्रणगृहात फक्त ती उतरवून घ्यायची होती. त्या काळी दौऱ्यातून ध्वनिमुद्रिका निघे.

आज क्रम उलटा झाला आहे. आधी ध्वनिमुद्रिका, मग दौरा. संगणकामुळे मार्गिका हव्या तितक्या मिळतात. प्रथम ड्रम, तेही बहुधा कानात टिकटिक ऐकत, मग तीच गिटार दोनदा वाजवून एक डाव्या व एक उजव्या बाजूला, मग बास, शेवटी गायन. कोठे चूक झाली तर तेवढाच तुकडा पुन्हा घेता येतो. स्वस्तात आणि घरच्या घरी काम होते, हा लाभ मोठा आहे. परंतु चौघांनी एकत्र श्वास घेतल्याचा जो परिणाम १९६९ च्या मुद्रणात आहे, तो आज मुद्दाम प्रयत्न केल्याशिवाय येत नाही.

मुंबई ते वाकेन

महाराष्ट्रातील या संगीताचे केंद्र मुंबई. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि अनेक तरुण बँडना प्रथमच मोठा रंगमंच मिळाला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवण्याची त्यांत तरतूद होती. रंगभवनच्या मैफली त्यातच थांबल्या.

साहिल मखिजा यांनी २००० साली मुंबईत स्थापन केलेला ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड अभ्यासासाठी चांगले उदाहरण आहे. २०१० साली त्यांची ‘द रिटर्न टू डार्कनेस’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि त्याच वर्षी ते नॉर्वेतील इन्फर्नो महोत्सवात वाजले. २०१४ साली ते जर्मनीतील वाकेनला गेले. वाकेन हे उत्तर जर्मनीतले जेमतेम दोन हजार वस्तीचे खेडे. १९९० पासून तिथल्या शेतांत दरवर्षी मेटलचा उत्सव भरतो आणि काही दिवसांपुरती त्या खेड्यात हजारोंची गर्दी उसळते. गावचे शेतकरी, तात्पुरती दुकाने, चिखल आणि तंबू यांची वर्णने वाचताना मला आपल्या जत्रांचीच आठवण झाली. याच बँडने २०१७ साली ‘दशावतार’ या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक गाणे. शब्द इंग्रजी, पण विषय असा की कोकणातला दशावतारी खेळ रात्रभर जागून पाहणाऱ्याला तो परका वाटू नये.

मेटलशी नाते जुळलेली दुसरी एक शैली म्हणजे हार्डकोअर. ती अमेरिकेतल्या पंक संगीतातून १९८० च्या सुमारास पुढे आली. गाणी आखूड, शब्द ओरडून म्हटलेले, वादक आणि श्रोते यांच्यात अंतर ठेवायचे नाही असा तिचा बाणा. ती मेटलमध्ये मिसळली तेव्हा एक खास युक्ती रूढ झाली. भरधाव ठेका अचानक निम्म्यावर आणायचा आणि सर्व वाद्यांनी एकाच ठोक्यावर आदळायचे. प्रेसचे चाक फिरत असते आणि मग पंच खाली येतो, तसेच हे. मुंबईच्या ‘स्क्राइब’ या बँडने ही शैली आपलीशी केली. ‘मार्क ऑफ तेजा’ (२०१०) आणि ‘हेल मोगॅम्बो’ (२०१४) ही त्यांच्या ध्वनिमुद्रिकांची नावे. हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांची नावे शीर्षकात आणून त्यांनी परदेशी शैलीचा गंभीर मुखवटा बाजूला केला. पुढे दिल्लीच्या ‘ब्लडीवुड’ने २०२२ च्या ‘रक्षक’ या ध्वनिमुद्रिकेत ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द मेटलमध्ये आणले.

हे मात्र मान्य केले पाहिजे की, मुंबईतले हे संगीत प्रामुख्याने इंग्रजी शिकलेल्या मध्यमवर्गाच्या हाती वाढले. बर्मिंगहॅममध्ये ते कामगाराच्या हातून जन्मले. आपल्याकडे कामगारांनी गाणी केली नाहीत असे मुळीच नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अण्णाभाऊंनी स्वतः गिरणीत काम केले होते. हे पथक गिरणगावातून आणि महाराष्ट्राच्या गावोगाव फिरले. डफ, तुणतुणे आणि खडा आवाज एवढ्या सामग्रीवर मैदाने भरली. नवी रचना करायची आणि ती घेऊन गावोगाव जायचे, ही रीत आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. गिटारऐवजी डफ होता, इतकेच.

गोंगाटाविषयी

गोंगाटाच्या आक्षेपाला मी हसण्यावारी नेणार नाही. कारखान्यांच्या नियमांत कामगाराच्या कानावर आठ तास ९० डेसिबलपर्यंत आवाज चालतो. पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला दोन तास. मेटलचा कार्यक्रम सहज तेवढा मोठा असतो. कानात बोळे घालून ऐकणे हा भित्रेपणा नव्हे, हे आपल्या मित्रांनी लक्षात घ्यावे. परंतु एक प्रश्नही विचारावासा वाटतो. ज्या आवाजात आपल्या घरातली माणसे रोज आठ तास उभी असतात, त्याला आपण उत्पादन म्हणतो. तोच आवाज कोणी ठेक्यात बसवला तर त्याला तेवढा गोंगाट का म्हणावे?

चार टक्के

आता पुन्हा आपल्या पट्ट्याकडे येतो. नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला म्हणजे कमावण्याची शक्ती किती टक्के गेली, याचा तो तक्ता होता. मधले बोट संपूर्ण गेले तर १२ टक्के. हाड न जाता केवळ टोक छाटले गेले तर ४ टक्के. अनामिका किंवा करंगळीचे असे टोक गेले तर २ टक्के. आयोमीची दुखापत या तक्त्यात जेमतेम पाच-सहा टक्क्यांची, फार तर दहा-बारा टक्क्यांची ठरली असती. दादाची चार टक्क्यांची ठरली.

मी आयोमीची हकिकत मोठ्या उत्साहाने दादाला सांगितली. मला वाटले, फोरमनने तबकडी दिली तसेच मी काहीतरी देत आहे. दादा शांतपणे म्हणाला, “बोट गेल्यावर त्याला बँड मिळाला. मला चार टक्के मिळाले. आणि ज्यांची बोटं गेली आणि ज्यांना वाजवताच येत नव्हतं, त्यांची गोष्ट कोण लिहितो?”

या प्रश्नाने माझा हा लेख बदलला. अपघातातून कला जन्मते, असे सुंदर वाक्य मी प्रथम समारोपासाठी लिहून ठेवले होते. ते मी खोडले. कला अपघातातून जन्मत नाही. अपघात होऊनही जो थांबत नाही त्याच्या खटपटीतून ती जन्मते, आणि अशी खटपट करण्याची संधी फार थोड्यांना मिळते. यंत्राच्या धोक्याच्या भागाला आवरण हवे, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमातच लिहिलेले होते. प्रेसला गार्ड असावा, दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय पंच खाली येऊ नये, हात आत असताना यंत्र थांबवणारा सेन्सर चालू असावा, या गोष्टी कोणत्याही ध्वनिमुद्रिकेहून मोलाच्या आहेत. उत्पादन वाढावे म्हणून जेथे त्या काढून ठेवल्या जातात, तेथे टोनी आयोमी तयार होत नाहीत. चार टक्केवाले तयार होतात.

समारोप

तरीही दादाने गिटार खाली काढली. कातड्याची टोपी करून पाहिली. ती घामाने निसटली. मग बारीक तारा लावल्या आणि तीन अर्धस्वर उतरवल्या. मधले बोट सोडून तर्जनी आणि अनामिका यांवर पकड बसवायला त्याला सात-आठ महिने लागले. पाचांपैकी दोन गाणी त्याने सोडून दिली, ती आता त्याच्याने वाजत नाहीत. तीन गाणी गेल्या पावसाळ्यात मित्राच्या खोलीत संगणकावर मुद्रित झाली. शब्द मराठी आहेत आणि त्यांत सैतान नाही. तिसरी पाळी आहे.

दौरा म्हणाल तर अद्याप एकाच ठिकाणी झाला आहे. भोसरीत एका मित्राचा गाळा आहे. गुरुवारी, आपल्या पट्ट्याच्या सुट्टीच्या वारी, शटर अर्धे ओढून चौघे वाजले. लेथ यंत्रांच्या मधल्या जागेत वीस-पंचवीस माणसे उभी होती. त्यांतली बरीचशी कामावरची. भरधाव ठेका निम्म्यावर येऊन सगळी वाद्ये एकदम आदळली, तेव्हा एक पिकल्या केसांचे ऑपरेटर माझ्याकडे वळून म्हणाले, “हा आपल्या दीडशे टनीचा आवाज.” या संगीताची याहून नेमकी व्याख्या मला पुस्तकांत सापडली नाही.

त्या गाळ्यात कोपऱ्यात एक छोटी प्रेस होती. ॲम्प्लिफायर लावण्याआधी दादा तिच्याजवळ गेला, गार्ड जागेवर आहे का ते हाताने हलवून पाहिले, आणि मगच त्याने गिटारची वायर जोडली.